विधान आणि प्रश्न : इंग्रजी व्याकरणाच्या निमित्ताने

एक

शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात वाक्यांचे चार प्रकार दिलेले असतात : विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी. शिक्षक ते फळ्यावर लिहितात, मुले वहीत उतरवतात, परीक्षेत विधानाचा प्रश्न करून दाखवायला दोन गुण असतात आणि विषय तेथेच संपतो. जालना जिल्ह्यातल्या शाळांतून मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. हा विषय दोन गुणांत संपणारा नाही, असे माझे मत तेव्हा झाले आणि आजही ते कायम आहे.

कारण असे की, या चार वाक्यांची आपल्या समाजात फार पूर्वीच वाटणी झालेली होती. विधान करण्याचा अधिकार शास्त्र सांगणाऱ्याचा. आज्ञा करण्याचा अधिकार पाटील-देशमुखांचा. उद्गार तेवढा आपल्या वाट्याला आला. 'जोहार मायबाप' हाही एक उद्गारच होता. आणि प्रश्न? प्रश्न वरून खाली येत असे, खालून वर जात नसे. "कोणाचा रे तू?", "कुठं चालला?", "इकडं कसा आला?" हे प्रश्न गावकुसाबाहेरच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. त्यांना उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य होते. उलट विचारणे हा गुन्हा होता.

मराठीत 'का' हे अक्षर फार बोलके आहे. "तू गेलास का?" आणि "तू का गेलास?" ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. शब्द तेच, 'का' तेवढा हलला. शेवटी आलेला 'का' हो किंवा नाही एवढेच मागतो. मध्ये आलेला 'का' कारण मागतो. गावाने आपल्याला सदैव शेवटचा 'का' विचारला : लाकडे फोडलीस का, सांगावा पोचवलास का, मेलेले ढोर ओढलेस का? आपण मात्र मधला 'का' कधी विचारायचा नाही, असा दंडक होता. "मी का ओढू?" हा प्रश्न ज्या दिवशी महारवाड्यात विचारला गेला, त्या दिवसापासून आपला आधुनिक इतिहास सुरू होतो. तो इतिहास लढायांचा आणि परिषदांचा आहे तसाच एका वाक्यप्रकाराचाही आहे. प्रस्तुत लेखात मी तो त्या बाजूने मांडू पाहतो.

दोन

जालन्याच्या मातीत इंग्रजी भाषा प्रथम आली ती पुस्तकातून आली नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे जालन्यात निजामाच्या पैशावर पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जेंटची छावणी बसली. छावणीतली इंग्रजी आज्ञार्थी होती. कवायतीच्या मैदानावर प्रश्नाला जागा नसते.

दुसरी इंग्रजी मिशनची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात या वसाहतीला जमीन मिळाली आणि आसपासच्या खेड्यांतली अनेक मांग कुटुंबे तेथे आली. ज्यांना गावच्या शाळेच्या ओसरीवरही उभे राहता येत नव्हते, त्यांची मुले तेथे अक्षरे गिरवू लागली, ही गोष्ट लहान नव्हे. तरी मिशनच्या शिक्षणपद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. धर्मशिक्षणाची पुस्तके प्रश्नोत्तरांची असत. परंतु प्रश्नही छापलेला आणि उत्तरही छापलेले. मुलाने उत्तर पाठ करायचे. अशा प्रश्नाला चिन्ह प्रश्नाचे असले तरी त्याचे काम विधानाचे असते.

तिसरी गोष्ट निजामी राजवटीची. मराठवाड्यात सरकारी व्यवहाराची भाषा उर्दू होती आणि वरच्या वर्गांतले शिक्षणही उर्दूतून होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. तेव्हा जालना-अंबड-परतूरकडच्या अस्पृश्य मुलापुढे तिहेरी भिंत होती : घरची बोली एक, मराठी पुस्तकाची भाषा दुसरी, सरकारची भाषा तिसरी. इंग्रजी तर या तिन्हींच्या पलीकडे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातली निजामी राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ ला जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशे चार वेळा बदलले. त्या मानाने गावातले 'कोणाचा रे तू' फार सावकाश बदलले.

उर्दू-फारसीने आपल्याला 'सवाल-जबाब' हा जोडशब्द दिला. तमाशाच्या फडावर सवाल-जबाबाची चढाओढ चाले आणि तमाशा जिवंत ठेवणारे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले होते. सोंगाड्या तेथे राजाला आणि पाटलालाही उलट प्रश्न विचारी आणि समोर बसलेला खरा पाटील खो खो हसे. व्यवस्थेने दिलेली ही सवलत होती. रात्री फडावर विचारलेला प्रश्न सकाळी चावडीवर विचारता येत नसे. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशात तमाशाचा तोच साज घेतला, परंतु हसवण्यासाठी राखलेला प्रश्न खराखुरा करून तो दिवसाउजेडी विचारायला शिकवले.

तीन

आता व्याकरणाकडे वळू. इंग्रजीत विधान आणि प्रश्न यांतला फरक क्रमाचा आहे. 'यू आर अ टीचर' हे विधान. 'आर यू अ टीचर?' हा प्रश्न. कर्ता आधी बसलेला होता. क्रियापदाने पुढे येऊन त्याची जागा घेतली. मराठीत असे होत नाही. "तुम्ही शिक्षक आहात" आणि "तुम्ही शिक्षक आहात का?" यांत प्रत्येक शब्द आपल्या जागी आहे, शेवटी एक 'का' येऊन बसला इतकेच. म्हणूनच आपली मुले 'व्हाय यू डिड नॉट कम?' असे लिहितात. लाल शाईने तो शब्द खोडणारा शिक्षक मुलाला ढ म्हणतो. वास्तविक ते मूल ढ नसते. मराठीचा नियम ते प्रामाणिकपणे इंग्रजीला लावत असते. ही गोष्ट समजावून सांगितली की ते मूल पुन्हा तसे लिहीत नाही, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यांत अडते ते 'डू'पाशी. 'दे वर्क' याचा प्रश्न 'डू दे वर्क?' असा होतो. हे 'डू' मध्येच कोठून आले, असे मुले विचारतात आणि "तसा नियम आहे" असे उत्तर मिळते. नियमालाही इतिहास असतो. जुन्या इंग्रजीत मुख्य क्रियापदच पुढे येत असे, 'नो यू?' अशी रचना चाले. सोळाव्या-सतराव्या शतकांत 'डू' हळूहळू रुळला आणि पुढे तोच नियम झाला. म्हणजे ज्याला आज आपण इंग्रजीचा अटळ कायदा समजतो तो माणसांनी बोलता बोलता घडवला. दलित विद्यार्थ्याने हे समजून घेणे अगत्याचे आहे. 'नियम आहे' या दोन शब्दांपुढे मान तुकवण्याची सवय आपल्याला शतकांनी लावली आहे आणि प्रत्येक नियमाला जन्मतारीख असते हे कळणे हा त्या सवयीवरचा पहिला उतारा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट 'यू'ची. मराठीत प्रश्न विचारण्यापूर्वी समोरच्याची पायरी ठरवावी लागते. तू, तुम्ही की आपण? "तू कोण रे?" आणि "आपण कोण?" यांचा अर्थ कोशात एक असेल, जगात एक नाही. सवर्णांच्या घरातले शेंबडे पोर महारवाड्यातल्या म्हाताऱ्याला "अरे" म्हणत असे आणि म्हातारा त्याला "जी" म्हणत असे. मराठीचे व्याकरण ही पायरी क्रियापदाच्या प्रत्ययापर्यंत नेते. आलास, आलात. वाक्य संपेपर्यंत माणसाची किंमत ठरलेली असते. इंग्रजीत 'हू आर यू?' हे वाक्य कलेक्टरलाही तेच आणि झाडूवाल्यालाही तेच.

इंग्रजीतही पूर्वी असे नव्हते. 'दाउ' हा एकेरी आणि 'यू' हा आदरार्थी असे दोन शब्द होते आणि कनिष्ठाला एकेरीतच बोलावले जाई. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी सर्वांना एकच सर्वनाम लावण्याचा आग्रह धरला. न्यायाधीश आणि सरदार यांनाही ते 'दाउ' म्हणत. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. शेवटी इंग्रजी सपाट झाली खरी, परंतु उलट्या दिशेने : एकेरी रूप मागे पडले आणि सर्वांना आदरार्थी 'यू' मिळाले. सर्वनामासाठी माणसे तुरुंगात गेली हे वाचल्यावर आपल्याकडचा 'अरे-तुरे'चा प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणी म्हणू नये.

यावरून इंग्रजी ही समतेची भाषा आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. छावणीतल्या साहेबाच्या तोंडीही हेच 'यू' होते. सर्वनाम समान झाले म्हणून माणूस समान होत नाही. ज्या भाषेत आपल्या बापाला 'अरे' म्हटले गेले नाही, त्या भाषेत पहिला प्रश्न विचारणे सोपे जाते, एवढेच मी म्हणतो. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह का केला, याचा विचार या अंगानेही व्हावा.

चार

प्रश्नाची भीती या देशात जुनी आहे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारत जाते आणि शेवटी तिला सांगितले जाते की आता पुढे विचारशील तर मस्तक गळून पडेल. 'अतिप्रश्न' हा शब्द तेथला आहे. मनुस्मृतीच्या आरंभी ऋषी मनूला सर्व वर्णांचे धर्म सांगण्याची विनंती करतात आणि नंतर विधानांची रीघ लागते. दुसऱ्या अध्यायात तर असे सांगितले आहे की, जो तर्कशास्त्राच्या आधाराने श्रुती-स्मृतींचा अवमान करील त्याला सज्जनांनी बहिष्कृत करावे. येथे गुन्हा चोरीचा नाही, हिंसेचा नाही. गुन्हा कारण विचारण्याचा आहे. 'बहिष्कृत' या आपल्या शब्दाचा आणि प्रश्नाचा संबंध असा जुना आहे.

ही कोंडी महाराष्ट्रात फुले दांपत्याच्या शाळांनी फोडली. १८५५ साली त्यांच्या शाळेतली मातंग समाजातली मुक्ता साळवे ही विद्यार्थिनी 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि त्यात सरळ विचारते की, वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही तर आमचा धर्म कोणता. ते वय आणि तो काळ पाहिला की हे वाक्य किती जड होते याची कल्पना येईल. पुढे जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपाने. मिशनऱ्यांच्या प्रश्नोत्तरी पुस्तकांचा साचा त्यांनी पाहिलेला होता. परंतु त्यांचा धोंडीबा पाठ केलेले उत्तर देत नाही. तो विचारतो, शंका काढतो, अडवतो. 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक'ही प्रश्नोत्तररूपच आहे. मोठा विचार सांगण्यासाठी जोतीरावांना प्रश्नार्थी वाक्य लागले, कारण ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांच्याकडून तेच हिरावून घेतले होते. आणि राज्यकर्त्यांपुढे बोलायची वेळ आली तेव्हा, १८८२ साली हंटर आयोगापुढे, त्यांनी आपले निवेदन इंग्रजीतून दिले. तेथे त्यांनी विधान केले : शूद्रातिशूद्रांच्या करातून उभा राहिलेला पैसा वरिष्ठांच्या शिक्षणावर खर्च होत आहे.

कायदेमंडळातही प्रश्न विचारणे हा हक्क सहज मिळालेला नाही. या देशातल्या कौन्सिलांच्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने मिळाला आणि मूळ प्रश्नावर पूरक प्रश्न विचारण्याची मुभा १९०९ च्या कायद्याने. त्यापूर्वीचे सभासद बोलत असत, परंतु सरकारला विचारू शकत नसत. मोठमोठे जहागीरदार ज्या हक्कासाठी ताटकळले, तो हक्क आज ग्रामसभेत भूमिहीन मजुराला आहे. तो वापरला जात नाही ही वेगळी गोष्ट.

महाडची कथा आपण सत्याग्रहाची म्हणून सांगतो. ती वाक्यरचनेचीही आहे. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घ्यायचे नाही, हे स्पृश्यांचे विधान होते आणि विधानाला पुरावा लागतो हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला आणि २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. दावा लावणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. न्यायालय विधान ऐकून घेते आणि त्याचा मुद्दा, म्हणजे प्रश्न, तयार करते : तळे खाजगी आहे का? रूढी अनादि काळापासूनची आहे हे वादी सिद्ध करतात का? शतकानुशतके जे केवळ सांगत आले त्यांना प्रथमच सिद्ध करून दाखवावे लागले आणि ते दाखवता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. विधानाचा प्रश्न करणे याचा अर्थ शिकवताना मी मुलांना हेच उदाहरण देत आलो.

पाच

मराठवाड्यात या परंपरेला घर मिळाले ते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. जालन्याहून मीटरगेजच्या गाडीने तेथे गेलेल्या आमच्या भागातल्या किती मुलांनी वळकटी खाली ठेवताना या नावाचा विचार केला असेल? देणगीदाराचे नाही, राजकीय पुढाऱ्याचे नाही, देवाचे तर नाहीच. प्रश्न विचारणाऱ्या एका राजाचे ते नाव आहे.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचे सियालकोट. भिक्खू नागसेनाशी झालेला त्याचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. त्या ग्रंथातला एक प्रसंग प्रत्येक शिक्षकाने वाचावा. राजा म्हणतो, माझ्याशी वाद करा. नागसेन विचारतो, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडितांच्या वादात प्रश्न गुंडाळले जातात, उलगडले जातात, चुका दाखवल्या जातात, मान्यही केल्या जातात आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात राजा एक गोष्ट मांडतो आणि जो ती मानीत नाही त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद पंडितांसारखा वाद करायला कबूल होतो आणि मगच संवाद सुरू होतो.

आपल्याकडच्या सर्व वादांना ही कसोटी लावून पाहा. एका संस्थेत मी असताना मागासवर्गीयांचा अनुशेष का भरला जात नाही, असे मी बैठकीत विचारले. उत्तर मिळाले नाही. उलट प्रश्न आला : "सर, तुम्ही कोणत्या कोट्यातून आलात?" बैठकीत हशा पिकला. हा राजवाद. प्रश्नाला उत्तर न देता प्रश्नकर्त्याची जात विचारणे ही त्याची नेहमीची रीत आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा राजवादाचे उघडे रूप मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांनी पाहिले. विधानाला विधानाने उत्तर न देता आगीने दिले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

बौद्ध परंपरेने प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींना सरळ एक उत्तर द्यावे, काहींना फोड करून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारून द्यावे आणि काही बाजूला ठेवावेत. येथे प्रश्न विचारणे पाप नाही. उत्तर कसे द्यावे ही जबाबदारी आहे. आमच्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख सापडतो. म्हणजे हा विचार आमच्या जिल्ह्यात १९५६ साली परका म्हणून आला नाही. तो घरी परत आला.

सहा

बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथांची शीर्षके व्याकरणाच्या तासाला वाचावीत असे मी सुचवतो. १९४६ चे 'हू वेअर द शूद्राज?' हे शुद्ध प्रश्नार्थी आहे. क्रियापद कर्त्याच्या पुढे आलेले आहे. १९४५ चे 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' पाहा. आरंभी 'व्हॉट' आहे म्हणून मुले त्याला प्रश्न समजतात. परंतु 'हॅव' कर्त्याच्या मागेच आहे. तो प्रश्न नाही. काय केले ते लेखकाला ठाऊक आहे आणि तो सांगणार आहे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या उपशीर्षकात तर दोन्ही रचना शेजारी आहेत : 'हू वेअर दे' हा प्रश्नाचा क्रम आणि 'व्हाय दे बिकेम अनटचेबल्स' हा विधानाचा क्रम. एकदा एका मुलीने मला विचारले, "सर, बाबासाहेबांचं चुकलं का?" वर्ग स्तब्ध झाला. तिने तो प्रश्न विचारला याचा मला आनंद झाला. मी सांगितले की दुसरा भाग असाही वाचता येतो : ते कोण होते हे शोधायचे आहे; ते अस्पृश्य केले गेले ही घटना सिद्ध आहे, तिचे कारण सांगायचे आहे. तिला हे पटले की नाही ते तिने सांगितले नाही. पंडितवादात ती मुभा असते.

त्याच वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'दे टेक वॉटर फ्रॉम द वेल.' प्रश्न करा म्हटले. सर्वांनी केला : 'डू दे टेक वॉटर फ्रॉम द वेल?' आता 'व्हाय' घाला आणि नकारार्थी करा. 'व्हाय डोन्ट दे टेक वॉटर फ्रॉम द वेल?' वह्या भरल्या, सर्वांची उत्तरे बरोबर होती. मग मी मराठीतून विचारले, हे कोणाविषयी आहे? कोणी बोलले नाही. प्रश्न करता येतो आणि विचारता येत नाही, हे अंतर कोणत्याही परीक्षेत मोजले जात नाही. महाराष्ट्राने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आणली, ती चांगलीच गोष्ट झाली. परंतु पहिलीतले मूल 'व्हॉट इज युअर नेम?' याला उत्तर द्यायला शिकते. हा प्रश्न समोरच्या गुरुजींना विचारायला त्याला कोणी शिकवत नाही. दहा वर्षे इंग्रजी शिकून ते मूल उत्तर देणाराच राहते.

सात

चळवळीतल्या मित्रांसाठी दोन गोष्टी सांगतो. पहिली पोलीस ठाण्यातली. माणूस आपल्यावर झालेला अत्याचार सांगायला ठाण्यात जातो. तो विधान करतो. पोलिसी मराठीत त्याच्या विधानाला 'जबाब' म्हणतात, म्हणजे उत्तर. शब्दच असा आहे की तक्रार करणारा जाब देणारा होतो. मग "तू दारू प्यालेला होतास ना?", "भांडण आधी तूच काढलंस ना?" असे 'ना'वाले प्रश्न येतात. त्यांचे चिन्ह प्रश्नाचे, पोटात विधान. अशा प्रश्नाला नुसते हो-नाही म्हणणे म्हणजे त्यांच्या वाक्यावर आपली सही करणे होय. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या बाजूला आहे. परंतु तो कागदावर उतरतो तो वाक्यांतून. जबाब वाचून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये आणि आपले वाक्य आपल्याच कर्त्याने सुरू होते की नाही ते पाहावे : मी गेलो, त्यांनी अडवले, अमुक शब्द उच्चारले.

दुसरी गोष्ट २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची. या कायद्याच्या सहाव्या कलमात एक लहानसे पोटकलम आहे. माहिती मागणाऱ्याला ती कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागत नाही. "तुला कशाला पाहिजे?" हा गावगाड्याचा आवडता प्रश्न कायद्याने अधिकाऱ्याच्या तोंडून काढून घेतला. परंतु २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने असेही सांगितले की, 'का' या प्रश्नाचे उत्तर या कायद्याखालच्या 'माहिती'त मोडत नाही. जे दप्तरी आहे तेच मागता येते. म्हणजे अधिकाऱ्याने नागरिकाला 'का' विचारायचे नाही आणि नागरिकानेही या अर्जात अधिकाऱ्याला 'का' विचारायचे नाही. आमचे कार्यकर्ते "वस्तीला रस्ता का दिला नाही?" असा अर्ज करतात आणि तो फेटाळला जातो. येथे शाळेतले व्याकरण उलटे वापरावे : प्रश्नाचे विधान करावे. मंजूर निधीच्या आदेशाची प्रत, खर्चाची नोंद, ज्या टिपणावर काम थांबले त्या टिपणाची प्रत मिळावी. कागद हातात आला की 'का' विचारायला ग्रामसभा आहे, विधानसभा आहे, न्यायालय आहे, रस्ता आहे.

आपली भाषा 'विधान' या एकाच शब्दावर वाक्याचा प्रकार, विधानसभा आणि संविधान उभे करते. संविधानाची उद्देशिका हे एकच लांब विधान आहे आणि त्याचा कर्ता पहिल्याच शब्दात बसलेला आहे : आम्ही. ज्यांना बोलताना कर्ता होण्याची परवानगी नव्हती, त्यांचाही समावेश त्या 'आम्ही'त आहे. हे विधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी घटना समितीत एक प्रश्न विचारून ठेवला : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असे विसंगतीचे जीवन आपण आणखी किती काळ जगणार? देशाने विधान स्वीकारले. प्रश्न अजून पटावर आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतही 'मी' हाच कर्ता आहे. मुक्ता साळवेने १८५५ साली विचारलेल्या प्रश्नाला लाखो माणसांनी १०१ वर्षांनी स्वतःच दिलेले ते उत्तर होते.

म्हणून आपल्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. विधानाचा प्रश्न करायला शिकवताना नियमापाशी थांबू नका. तासाची शेवटची दहा मिनिटे मुलांसाठी ठेवा, त्यांना विचारू द्या, मराठीत, इंग्रजीत, बोलीत, जमेल तसे. प्रश्न अवघड आला तर फोड करून उत्तर द्या. पण विचारणाऱ्याला "तू कोण?" असे विचारू नका.